डेस्कटॉप चालू होत नसेल तर : सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत

चतुर्थीला पाच दिवस गावच्या घरी जाऊन यावे, फ्लॅटचे दार उघडावे, कॉम्प्युटरचे बटण दाबावे आणि काहीच होऊ नये, हा प्रकार गोव्यात नवा नाही. पाच दिवस बंद खोली, भिंतींना ओल, मध्येच दोनदा वीज गेलेली आणि एकदा जोरात आलेली. दुकानात नेला की बऱ्याचदा एकच निदान ऐकू येते : मदरबोर्ड गेला. कधी तो खरेच गेलेला असतो. पण त्याआधी तपासायच्या आठ-दहा गोष्टी असतात, आणि त्यातल्या बहुतेक घरच्या घरी पाहता येतात. त्यासाठी लागते ते इतकेच : फुलीचा पेचकस, साधा डिजिटल मल्टीमीटर, पांढरा खोडरबर, रंगकामाचा मऊ ब्रश, टॉर्च आणि एक जेमक्लिप.

शोधायची रीत अशी : वीज ज्या वाटेने येते त्याच वाटेने आपण जायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम काढली, सेल बदलला, केबल हलवली आणि यंत्र चालू झाले, तर नेमके काय बिघडले होते ते कळत नाही. आठ दिवसांनी तोच त्रास पुन्हा होतो.

आधी नीट पाहा, नेमके काय होत नाही

'चालू होत नाही' या एका वाक्याखाली तीन वेगवेगळे आजार असतात. पहिला : बटण दाबले तरी दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. दुसरा : पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो, किंवा दर दोन-तीन सेकंदांनी चालू-बंद होत राहतो. तिसरा : पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळा. पहिल्यात संशय वीज, एसएमपीएस (भिंतीतली वीज यंत्राला लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा) किंवा बटणावर जातो. दुसऱ्यात कुठेतरी शॉर्ट असते किंवा एसएमपीएस थकलेला असतो. तिसऱ्यात बहुधा रॅम किंवा डिस्प्ले. पडद्यावर कंपनीचे चित्र दिसून पुढे विंडोज अडकत असेल तर तो आजार डिस्कचा किंवा सॉफ्टवेअरचा. हा लेख त्यासाठी नाही.

भिंतीपासून कॅबिनेटपर्यंत

सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहणे ही सर्वांची पहिली चाचणी. ती अर्धीच खरी. चार्जर १०० ते २४० व्होल्टमध्ये कुठेही चालतो. संध्याकाळी गावात व्होल्टेज १५०-१६० वर घसरले तरी फोन चार्ज होतो, जुना साधा एसएमपीएस मात्र उठत नाही. टेस्टरचेही तसेच : तो फेज दाखवतो, न्यूट्रल नाही. न्यूट्रल सुटलेला असला तरी टेस्टर छान पेटतो आणि यंत्र मेलेलेच राहते.

म्हणून मल्टीमीटर. खटका एसी ७५० वर ठेवा. काळी वायर 'कॉम' या भोकात आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा पाहा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही ती सॉकेटला लावली, तर तो सरळ शॉर्ट होतो. मीटरही जाईल आणि हातही भाजेल. पायात रबरी चप्पल हवी, आणि पावसाळ्यात जमीन ओली असेल तर हे काम पुढे ढकला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१० ते २५० व्होल्ट आले की ठीक. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

अर्थिंगबद्दल थोडे जास्त, कारण इथे ते दुर्लक्षित राहते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक मुंग्या येतात का? एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ सुटला की बॉडीवर साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहते. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झटका न बसता फक्त मुंग्या. पण याच स्थितीत यूएसबी किंवा एचडीएमआय केबल लावताना पोर्ट जळतात. चिऱ्याच्या कातळावर बांधलेल्या घरात मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. त्यात दोन-चार बादल्या पाणी ओतणे हा जुना उपाय अजूनही लागू आहे.

आता यूपीएस. तो वाटेतून बाजूला काढा आणि कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा. एक्स्टेंशन बोर्डही नको. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि ती दोन-चार वर्षांत दमते. बॅटरी मेली की काही यूपीएस वीज असूनही पुढे काहीच सोडत नाहीत. दिवा लागतो, बीप येतो आणि यंत्र बंदच. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅटच देतो. मोठे ग्राफिक्स कार्ड बसवल्यानंतर यंत्र उठेनासे झाले असेल तर उत्तर इथेच असू शकते.

पॉवर कॉर्ड बदलून पाहा. मॉनिटरची कॉर्ड बहुतेक वेळा तीच असते, तेव्हा विकत आणायची गरज नाही. कॅबिनेटच्या बाजूचे टोक पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. ते सैल बसले असेल तर आत ठिणगी पडते आणि प्लास्टिक तपकिरी होते. तसा डाग दिसला तर ती कॉर्ड टाकून द्या.

मागचे दोन खटके

एसएमपीएसच्या मागे आय आणि शून्य अशा खुणा असलेला खटका असतो. झाडू-पोछा करताना तो खाली जातो, हे इतके साधे कारण की कुणी पाहतच नाही. आयची बाजू दाबलेली हवी.

जुन्या एसएमपीएसला आणखी एक लाल सरकता खटका असतो, ११५ आणि २३० लिहिलेला. तो २३० वरच राहिला पाहिजे. ११५ वर सरकवून आपली वीज दिली तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब येतो, मोठा आवाज होतो आणि एसएमपीएस संपतो. 'हा खटका बदलून बघू या' असे वाटले तरी हात मागे घ्या.

यानंतर कॉर्ड काढा आणि समोरचे पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेली वीज निघून जाते. व्होल्टेजच्या झटक्यामुळे एसएमपीएसचे संरक्षण अडकून बसले असेल तर तेवढ्यानेही यंत्र उठते. मग कॉर्ड लावून पुन्हा पाहा.

झाकण उघडल्यावर

कॉर्ड काढलेलीच ठेवा. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. डावीकडचे झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असते.

पहिल्यांदा नाकाने तपासा. जळका, तिखट वास एसएमपीएसच्या जाळीतून येत असेल तर पुढच्या निम्म्या चाचण्या वाचल्या. मग टॉर्च. मदरबोर्डवर उभी छोटी नळकांडी दिसतील, ते कपॅसिटर. त्यांचे डोके सपाट हवे. फुगलेले, किंवा वर तपकिरी चिकटा आलेला दिसला तर तो कपॅसिटर गेला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांवर ही साथच आली होती. आजच्या बोर्डांवर मुख्यतः घट्ट पॉलिमर कपॅसिटर असतात, त्यामुळे हे कमी दिसते. पण कार्यालयात पडून असलेले जुने यंत्र असेल तर नक्की पाहा.

समुद्राजवळ, मोरजी-मांद्रेकडे किंवा कळंगुटला घर असेल, तर धातूच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड शोधा. खारी हवा तांब्याला खाते. डिचोली-सत्तरीकडे लाल माती बारीक होऊन पंख्यावर चढते आणि पावसाळ्यात ओल धरून चिखलासारखी बसते. ती कोरडी असतानाच ब्रशने काढा. तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचे तुषार रॅमच्या खाचेत जातात. आणि पाल! एसएमपीएसच्या उबेला ती मागच्या उघड्या पट्टीतून आत शिरते आणि दोन टोकांमध्ये अडकून स्वतःही जाते, यंत्रही नेते. कार्ड नसलेल्या खाचांच्या पट्ट्या मागे बसवलेल्या असल्या की हा त्रास होत नाही.

एक गोष्ट कधीच करायची नाही : एसएमपीएसचा डबा उघडणे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असते आणि कॉर्ड काढल्यावरही ते काही काळ टिकते.

जांभळी वायर काय सांगते

डेस्कटॉप 'बंद' असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा थोडासा पुरवठा देत असतो. याला स्टँडबाय म्हणतात. बटण दाबले की जागे व्हायचे असते ते याच विजेवर. काही बोर्डांवर त्यासाठी छोटा दिवा असतो. कॉर्ड लावल्यावर तो पेटला तर वीज बोर्डापर्यंत पोचते आहे.

दिवा नसेल तर कॉर्ड लावलेलीच ठेवून मल्टीमीटर डीसी २० वर ठेवा. मदरबोर्डला गेलेला २४ पिनांचा जाड कनेक्टर तसाच बसलेला राहू द्या. काळे टोक कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा आणि लाल टोक जांभळ्या वायरच्या मागून, कनेक्टरच्या भोकात हळूच सरकवा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. शून्य किंवा ३ च्या आसपास आले तर दोष बहुतेक एसएमपीएसमध्ये. खात्रीसाठी तो बोर्डापासून सोडवून तीच वायर पुन्हा मोजा. सोडवल्यावर ५ आले तर बोर्डच वीज ओढून खातो आहे.

जांभळी ठीक असेल तर आता हिरवी वायर. यंत्र बंद असताना तिच्यावर २ व्होल्टच्या वर, साधारण ३ ते ५ व्होल्ट असतात. कुणाला तरी समोरचे बटण दाबायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. बटण दाबताच आकडा शून्याजवळ आला, पण पंखा फिरला नाही, तर बोर्डाने आपले काम केले. एसएमपीएसने ऐकले नाही, किंवा शॉर्ट ओळखून स्वतःला बंद केले. आकडा हललाच नाही तर दोष बटणात, त्याच्या वायरीत किंवा बोर्डात. बोर्ड आणि एसएमपीएसमधला कोण दोषी, हा वाद मिटवायला यापेक्षा सोपी चाचणी नाही.

एसएमपीएस एकटा तपासणे

हे जेमक्लिपचे काम. कॉर्ड काढा. एसएमपीएसची प्रत्येक केबल सोडवा : २४ पिनांची, सीपीयूजवळची (सीपीयू म्हणजे कॅबिनेट नव्हे, बोर्डावरच्या पंख्याखालची मुख्य चिप) ४ किंवा ८ पिनांची, डिस्कची, ग्राफिक्स कार्डाची. जेमक्लिप सरळ करून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा आणि २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरव्या वायरच्या भोकात एक टोक, शेजारच्या कुठल्याही काळ्या वायरच्या भोकात दुसरे टोक घाला. मग हात बाजूला घेऊन कॉर्ड लावा आणि मागचा खटका चालू करा. पंखा फिरला पाहिजे. काही नव्या मॉडेलांत भार नसताना पंखा थांबलेलाच असतो, तेव्हा पंख्यावर न जाता व्होल्ट मोजा.

पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवेत. यातले एकही बाहेर गेले तर एसएमपीएस बदला. सगळे बरोबर आले तरी तो शंभर टक्के निर्दोष ठरत नाही. भार नसताना नीट वाटणारा एसएमपीएस भार आल्यावर कोसळू शकतो. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असलेले एसएमपीएस मिळतात. तिथे रंगाचा भरवसा नाही, पुस्तिकेतला पिनांचा नकाशा समोर ठेवूनच क्लिप लावा.

समोरचे बटण

गोव्यातल्या दमट हवेत बटणाच्या आतला पत्रा गंजतो, कधी मुंग्या त्यात घर करतात. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्या बटण-दिव्यांच्या बारीक वायरी येतात. पॉवर बटणाच्या दोन पिना कोणत्या, ते पुस्तिकेत किंवा बोर्डावरच छापलेले असते. त्या दोन पिनांवरचा प्लग काढा, कॉर्ड लावा आणि पेचकसाच्या टोकाने दोन्ही पिनांना क्षणभर एकत्र टेकवा. यंत्र उठले तर बटण मेले. रिसेटचे बटण चांगले असेल तर त्याचा प्लग पॉवरच्या पिनांवर लावा आणि पुढे रिसेटच दाबत जा. एक रुपयाही खर्च नाही.

पंखा थरथरून थांबतो

इथे एसएमपीएस शॉर्ट ओळखून मागे हटत असतो. सर्वांत आधी समोरच्या यूएसबी पोर्टात टॉर्च मारा. आतली जीभ तुटून पिना एकमेकींना टेकल्या असतील तर तेवढ्यानेही यंत्र उठत नाही. बोर्डावरचा समोरच्या यूएसबीचा प्लग काढून पाहा.

मग सगळे उतरवत चला. डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड, जादा रॅम काढा. मागे फक्त मदरबोर्ड, सीपीयू, त्याचा पंखा आणि एक रॅम उरू द्या. सीपीयूजवळची ४ किंवा ८ पिनांची केबल मात्र लावलेली हवी, तीच विसरली तर पंखा फिरूनही पुढे काही होत नाही. या अवस्थेत उठले तर एकेक भाग परत लावत दोषी पकडा. नाही उठले तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून सुक्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. पुठ्ठ्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये नाही, याचा अर्थ बोर्डामागे एखादा सुटा स्क्रू अडकला आहे किंवा बोर्ड ज्यांवर टेकतो त्यातली एखादी पितळी खुंटी चुकीच्या जागी आहे.

पंखे फिरतात, पडदा काळा

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टात हवी, बोर्डाच्या नव्हे. इंटेल सीपीयूच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतेच. बोर्डाचे पोर्ट मुकेच राहणार.

नंतर रॅम, आणि पावसाळ्यात हिच्यावर पहिला संशय. कॉर्ड काढून खाचेच्या टोकाच्या खिट्ट्या उघडा, रॅम सरळ वर ओढा. सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा, चुरा ब्रशने झाडा. पट्ट्यांना बोट लावू नका, घामात मीठ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर उत्तम, ९९ टक्क्यांचे. (घरात फेणी आहे म्हणून ती वापरू नये. तिच्यात अल्कोहोल ४२.८ टक्के, उरलेले बहुतेक पाणी.) परत बसवताना रॅमची खाच आणि स्लॉटमधली उभी पट्टी जुळवा आणि दोन्ही टोके दाबा, 'टक्' असा आवाज येईपर्यंत. तो आवाज आला नाही तर रॅम बसलेली नाही. चार स्लॉट असतील तर एकच रॅम सीपीयूकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. दोन रॅम असतील तर आलटून पालटून एकेक पाहा.

डीडीआर५ रॅमच्या यंत्रांना रॅम हलवल्यावर पहिल्यांदा उठायला काही मिनिटे लागतात. पडदा काळा राहतो आणि लोक घाईने बटण दाबून ते काम मध्येच तोडतात. थांबा. बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट (म्हणजे डिस्कवरून सुरुवात) अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतील तर जो पेटून राहतो तिथे अडले आहे. बीपचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, ते पुस्तिकेतच पाहा.

गोल सेल

बोर्डावरचा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा. तो मेल्याची खूण म्हणजे घड्याळ मागच्या एखाद्या वर्षात जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणू लागतो. यंत्र अजिबात न उठण्याचे हे कारण क्वचितच, पण बिघडलेल्या सेटिंग पुसायला सेल काढणे उपयोगी पडते. कॉर्ड काढा, सेल पाच मिनिटे बाहेर ठेवा, परत लावा. मोजून २.८ व्होल्टपेक्षा कमी आला तर नवा घाला.

ओल आणि विजा

बंद खोलीतून काढलेले यंत्र लगेच चालू करू नये. झाकण उघडून टेबल फॅनसमोर चार-सहा तास ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, प्लास्टिक वाकते. जून ते सप्टेंबर यंत्र रोज तासभर चालवले तर त्याच्याच उबेने ते कोरडे राहते. कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण झिरोचा दिवा लावतो, तसेच हे.

मे महिन्यात आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा खटका बंद करणे पुरत नाही, प्लग ओढून काढा. आणि लॅनची केबलही. पुष्कळ बोर्ड पॉवरच्या वाटेने नाही, तर तांब्याच्या नेटवर्क केबलमधून आलेल्या झटक्याने मरतात. विजांच्या रात्रीनंतर यंत्र उठत नसेल तर लॅन केबल काढून एकदा पाहा आणि राउटरही चालू आहे का ते तपासा. दोन्ही एकदम गेले असतील तर बोर्डच गेल्याची शक्यता मोठी.

दुकानात नेण्यापूर्वी

एका चिठ्ठीवर लिहा : जांभळ्या वायरवर किती व्होल्ट आले, हिरवी बटण दाबल्यावर खाली गेली का, कोणत्या रॅमने काय झाले. ही चिठ्ठी पुढे केली की दुरुस्तीवाल्याचे बोलणे बदलते. बोर्ड बदलायला सांगितले तर आधी दुसरा एसएमपीएस लावून दाखवा म्हणावे. दुपारी एक ते साडेतीन बरीच दुकाने बंद असतात, सकाळीच जा.

डिस्क घरी काढून ठेवा. यंत्र न उठण्याशी तिचा बहुधा संबंध नसतो आणि फोटो, हिशेब तिच्यातच असतात. साध्या डिस्कला चार स्क्रू आणि दोन केबली. बोर्डावर आडवी बसणारी, पट्टीसारखी एनव्हीएमई डिस्क असेल तर एकच बारीक स्क्रू. तो स्क्रू तिथेच परत लावून ठेवा, खिशात ठेवला तर हरवतो आणि तसा सुटा मिळत नाही.